सोडियम, कॅल्शियम आणि ॲड्रिनलच्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दरवर्षी वर्ग एका ठरलेल्या जागी अडतो: सोडियम-कॅल्शियम अदलाबदल. तास संपल्यावर जिन्यात, कँटीनमध्ये आणि हल्ली रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. म्हटलं, एकदाचे लिहून टाकू. क्रम मुलांनी विचारले तसाच ठेवलाय, त्यामुळे सोपं-अवघड सरमिसळ आहे.

मॅडम, ॲड्रिनल पेशी म्हणजे नक्की कुठल्या?

प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिचे दोन भाग. बाहेरची साल म्हणजे कॉर्टेक्स, ती कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन बनवते. आतला गाभा म्हणजे मेड्युला, तो ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन सोडतो. माणसात गाभ्यातून निघणाऱ्या मालापैकी साधारण ८० टक्के ॲड्रिनलिनच असतं.

या पानावर मुख्यतः गाभ्यातल्या पेशींबद्दल बोलायचं आहे. त्यांना क्रोमॅफिन पेशी म्हणतात, कारण क्रोमियमच्या क्षारात बुडवल्या की त्या तपकिरी होतात. एक पेशी १५ ते २० मायक्रोमीटरची, आणि तिच्यात हजारो कणिका ठासून भरलेल्या. कणिका म्हणजे पटलाची, पातळ पडद्याची, बारीकशी पिशवी. एकेका पिशवीत ॲड्रिनलिनचे लाखो रेणू तयार, बांधून ठेवलेले. सालीतल्या पेशींचा कारभार वेगळा आहे, त्याबद्दल खाली.

ॲड्रिनलिन बाहेर पडायला कॅल्शियमच का लागतं?

पिशवी पेशीपटलाला चिकटून फुटली पाहिजे, तरच माल रक्तात जातो. पिशवी आणि पटल यांच्यामध्ये काही प्रथिनं दोराच्या पिळासारखी एकमेकांत गुंतून बसलेली असतात. शेवटचा आवळ बसायला सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला कॅल्शियम मिळावं लागतं. कॅल्शियम नाही तर पिशव्या दारात उभ्याच राहतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, फजितीतून शिकले. एम.डी. करत असताना बकऱ्याच्या ग्रंथीतून द्राव सोडून, ॲसिटिलकोलिन (मज्जातंतूचा निरोप पेशीला पोचवणारं रसायन) देऊन, बाहेर आलेलं ॲड्रिनलिन मोजायचं होतं. एक आख्खी दुपार आकडा शून्याच्या वर जाईना. ग्रंथी मेली, ॲसिटिलकोलिन खराब निघालं, फ्लोरिमीटर बिघडला, सगळे संशय घेऊन झाले. संध्याकाळी द्रावाची वही उघडली तेव्हा कळलं, कॅल्शियम क्लोराइडच्या ओळीपुढे टिकमार्कच नव्हता. मी ते घालायलाच विसरले होते. घातलं, आणि दहा मिनिटांत ग्रंथी कामाला लागली.

माझी चूक म्हणजे डग्लस आणि रुबिन यांनी १९६१ साली मांजराच्या ॲड्रिनलवर मुद्दाम केलेला प्रयोग होता. बाहेरचं कॅल्शियम काढलं की ॲसिटिलकोलिन देऊनही स्राव होत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्याहून जुनी गोष्ट सिडनी रिंगरची. लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं, ऊर्ध्वपातित पाणी वापरलं की थांबायचं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. ही १८८०च्या दशकातली गोष्ट.

पेशीत कॅल्शियम नसतं का? बाहेरून कशाला यायला हवं?

असतं, पण मोकळं फारच थोडं. बाहेर मोकळं कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर, आत ०.१ मायक्रोमोलर (मिलिमोलर हे तीव्रतेचं माप, मायक्रोमोलर त्याचा हजारावा भाग). म्हणजे सुमारे बारा हजार पट फरक. आत इतकी शांतता असते म्हणून थोडासा शिरकावही पेशीला मोठा आवाज वाटतो.

मग सोडियम कुठून आला मध्येच?

दोन वाटांनी. मुलं या दोन वाटा एक करतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिली वाट सरळ आहे. मज्जातंतूच्या टोकाने ॲसिटिलकोलिन सोडलं की क्रोमॅफिन पेशीवरचे निकोटिनिक ग्राहक, म्हणजे ॲसिटिलकोलिन ओळखून उघडणारी दारं, उघडतात, सोडियम आत येतो, पटलावरचा विद्युतदाब बदलतो, त्यामुळे कॅल्शियमची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. इथे सोडियमचं काम फक्त घंटा वाजवण्याचं.

दुसरी वाट म्हणजे आपला विषय. पेशीपटलात एक प्रथिन आहे, सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर, थोडक्यात एनसीएक्स. ते तीन सोडियम एका बाजूने घेतं आणि त्या बदल्यात एक कॅल्शियम दुसऱ्या बाजूला टाकतं. एरवी सोडियम आत, कॅल्शियम बाहेर. १९६८ साली रॉयटर आणि झाइट्झ यांनी गिनीपिगच्या हृदयात, आणि १९६९ साली बेकर, ब्लॉस्टाइन, हॉजकिन व स्टाइनहार्ट यांनी स्क्विडच्या जाड मज्जातंतूत ही देवघेव दाखवली. ॲड्रिनलमध्ये ती आहे हे पुढे उमगलं.

त्याला शक्ती कुठून मिळते? एटीपी तर वापरत नाही म्हणतात.

एटीपी म्हणजे पेशीचं इंधन. एनसीएक्स ते स्वतः वापरत नाही, पण फुकटही चालत नाही.

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत राहिलेल्याला हे लगेच कळेल. महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी खालच्या टाकीत येतं. मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मग दिवसभर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई नळ सोडतात तेव्हा वीज लागत नाही, उंचीवरून पाणी आपलं आपण येतं. वीज आधीच जळलेली असते.

पेशीत मोटर म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. १९५७ साली येन्स स्कू यांनी शोधला, १९९७ साली त्यासाठी नोबेल मिळालं. एक एटीपी जाळून तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे बाहेर सोडियम १४५ मिलिमोलर आणि आत १२च्या आसपास, असा चढ तयार होतो. एनसीएक्स म्हणजे त्या पाण्यावर फिरणारं चाक. मोटर बंद पडली तर चाक लगेच थांबत नाही. टाकी हळूहळू उतरते, तसतसा जोर कमी होतो.

तीनास एक का? दोनास एक असतं तर काय बिघडलं असतं?

या प्रश्नासाठी मी जास्त वेळ देते, कारण सगळी गंमत इथे आहे.

दोन सोडियम म्हणजे दोन धनभार, एक कॅल्शियम म्हणजेही दोन धनभार. हिशेब फिटला, विद्युतदाबाचा संबंध संपला. तीन सोडियम घेतले की प्रत्येक फेरीत एक धनभार जास्तीचा आत येतो. म्हणून हे चाक विद्युतदाबाचंही ऐकतं. आणि मुख्य म्हणजे, सोडियमचा चढ एकदा नाही, तीनदा गुणला जातो.

आकडे घालून बघा. ज्या विद्युतदाबाला एनसीएक्स कुठल्याच दिशेला फिरत नाही, तो काढायचं सूत्र: सोडियमच्या समतोल दाबाची तिप्पट वजा कॅल्शियमच्या समतोल दाबाची दुप्पट. समतोल दाब म्हणजे ज्या विद्युतदाबाला तो आयन निव्वळ आतही जात नाही, बाहेरही नाही. शरीराच्या तापमानाला वरच्या आकड्यांनी सोडियमचा दाब येतो सुमारे अधिक ६७ मिलिव्होल्ट, कॅल्शियमचा सुमारे अधिक १२५. तिप्पट २०१, दुप्पट २५०. उत्तर उणे ४९.

पेशी निवांत असते तेव्हा तिचा दाब उणे ६०च्या आसपास धरा. तो उणे ४९पेक्षा खाली आहे, म्हणून एनसीएक्स कॅल्शियम बाहेर टाकतं. पण फरक किती? अवघा ११ मिलिव्होल्ट. म्हणजे निवांत पेशीत हे चाक अगदी काठावर फिरत असतं. हे समजलं की निम्मा विषय समजला.

आता आतला सोडियम १२चा २४ करा. सोडियमचा दाब उतरून अधिक ४८ होतो. तिप्पट १४४, वजा २५०, उत्तर उणे १०६. पेशी अजून उणे ६०वरच आहे, पण चाक उलटं फिरू पाहतंय. जे प्रथिन कॅल्शियम बाहेर टाकत होतं, तेच आत आणायला लागलं. निव्वळ एनसीएक्सवर सोडलं तर सोडियम दुप्पट झाल्यावर आतलं कॅल्शियम जिथे जाऊन स्थिरावेल ती पातळी आठपट होते. दोनाचा घन आठ. खऱ्या पेशीत ती इतकी चढत नाही, कारण बाकीचे पंप मध्ये पडतात. तरी ओढ त्या दिशेची.

म्हणजे एनसीएक्स स्राव सुरू करतं की थांबवतं?

'नियंत्रण' हा शब्द इथे मुलांना फसवतो. नियंत्रण म्हटलं की कोणीतरी बटण दाबतंय असं वाटतं. एनसीएक्सला स्वतःचं मत नाही. सोडियम किती, कॅल्शियम किती, दाब किती, एवढं बघून ते फिरतं.

रोजच्या कामात ते बहुतांशी आवरासावर करतं. पेशी उत्तेजित झाली की क्षणभर पटलाचा दाब शून्याच्या वर जातो, तेव्हा चाक उलटं फिरून थोडं कॅल्शियम आतही आणू शकतं. पण कॅल्शियमच्या दारांमधून येणाऱ्या लोंढ्यापुढे त्याचा वाटा लहान. मग दाब खाली येतो, आत मात्र कॅल्शियम साचलेलं असतं. ते १ मायक्रोमोलरला पोचलं असं धरा आणि गणित पुन्हा करा: चाक जिथे दिशा बदलतं तो वळणाचा दाब येतो अधिक १२च्या आसपास. उणे ६०पासून तब्बल ७२ मिलिव्होल्टचं अंतर. आता चाक जोरात कॅल्शियम बाहेर उपसतं. भर म्हणजे या प्रथिनाच्या आतल्या बाजूला कॅल्शियम बसायच्या जागा आहेत. त्या भरल्या की ते अधिक कामसू होतं. निवांत पेशीत ते अर्धवट झोपलेलं असतं.

म्हणून माझं उत्तर असं: स्राव सुरू करतात कॅल्शियमची दारं. तो किती वेळ रेंगाळणार, आणि पुढच्या घंटेच्या वेळी पेशी किती स्वच्छ असणार, यात एनसीएक्सचा हात असतो. घंटेच्या एकाच ठोक्याला फरक जाणवणार नाही, ठोक्यांमागून ठोके पडले की जाणवेल.

वायवाला (तोंडी परीक्षेला) "एनसीएक्समुळे ॲड्रिनलिन स्रवतं" म्हटलं तर मार्क मिळतील?

माझ्याकडे नाही.

पुस्तकात लिहिलंय की बाहेरचा सोडियम काढला की स्राव वाढतो. हे उलटं नाही का?

वाचताना उलटं वाटतं खरं. पहिल्या वाटेने बघितलं तर सोडियम नाही म्हणजे घंटा नाही, मग स्राव कमी व्हायला हवा. दुसऱ्या वाटेने बघा. बाहेर सोडियम नाही, म्हणजे गच्चीवरची टाकी रिकामी. कॅल्शियम बाहेर टाकायला जोर नाही. उलट आतला सोडियम बाहेर जाऊ लागतो आणि बदल्यात कॅल्शियम आत येतं. आधी पंप बंद करून आत सोडियम साठू दिलेला असेल तर हा परिणाम फारच ठळक दिसतो.

पण असा प्रयोग वाचताना एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: सोडियमच्या जागी घातलं काय? द्रावाची एकूण तीव्रता राखायला काहीतरी घालावंच लागतं, आणि ते 'काहीतरी' कधीच निरुपद्रवी नसतं. कोलिन घातलं तर ते ॲसिटिलकोलिनचंच भावंड, ग्राहकांशी लुडबूड करू शकतं. शिवाय सोडियम नसला की आतलं आम्ल बाहेर काढणारं सोडियम-हायड्रोजन चाकही थांबतं, पेशी आम्लधर्मी होते. मग दिसलेला परिणाम नक्की कशाचा?

आणि लिथियम घातला तर?

छान प्रश्न, आणि दरवर्षी एखादंच मूल विचारतं. लिथियम सोडियमच्या दारांमधून सहज आत जातो, म्हणजे घंटा वाजते. पण पेशीपटलावरचं एनसीएक्स त्याला सोडियमच्या जागी स्वीकारत नाही. त्यामुळे पहिली वाट चालू आणि दुसरी बंद, अशी फोड करता येते. मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या आतल्या ऊर्जाघरांतलं) चाक मात्र लिथियमलाही चालवून घेतं. म्हणजे पुन्हा गुंता.

मायटोकॉन्ड्रियात पण अदलाबदल होते?

होते, आणि क्रोमॅफिन पेशीत ती फार महत्त्वाची आहे. आत कॅल्शियमचा मोठा लोंढा आला की त्यातला बराचसा भाग आधी मायटोकॉन्ड्रिया गिळतात. एनसीएक्स आणि पटलावरचा कॅल्शियम पंप त्यामागून. पंपाला कॅल्शियमची ओढ जास्त पण वेग कमी. थोडं उरलेलं झाडून काढायचं काम त्याचं. एनसीएक्सचं बरोबर उलट: ओढ कमी, वेग जास्त.

मायटोकॉन्ड्रिया गिळलेलं कॅल्शियम नंतर हळूहळू परत पेशीत सोडतात. ते सोडणारं प्रथिनही सोडियमच्या बदल्यातच काम करतं. त्याची ओळख २०१० साली पटली, नाव एनसीएलएक्स. आता पेशीत सोडियम वाढला तर काय होईल? पटलावर कॅल्शियम बाहेर टाकायचा जोर कमी, आणि मायटोकॉन्ड्रियातून ते बाहेर यायचा वेग जास्त. दोन्हींमुळे पेशीत कॅल्शियम रेंगाळतं. दोन दारं, एकाच दिशेला परिणाम. हे चित्र एकदा स्वतः कागदावर काढा.

डिजॉक्सिनचा याच्याशी संबंध आहे ना?

थेट. डिजॉक्सिन, वाबेन ही हृदयावर काम करणारी, वनस्पतींतून मिळणारी मंडळी सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. मोटरचा फ्यूज काढल्यासारखं. आत सोडियम साठतो, एनसीएक्सचा जोर ओसरतो, कॅल्शियम वाढतं. हृदयाच्या स्नायूत त्यामुळे आकुंचन जोमदार होतं. फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांचा औषधी गुण इंग्रज डॉक्टर विदरिंगने १७८५ साली लिहून ठेवला, कारण कळायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. ॲड्रिनल ग्रंथीवर प्रयोगात वाबेन दिलं तर ॲड्रिनलिनचा स्राव वाढतो, त्याच कारणाने.

फॉक्सग्लोव्ह मुंबईत कोणी पाहिलेलं नसतं, पण बिट्टी सगळ्यांनी पाहिलीय. पिवळी कण्हेर. सोसायटीच्या कुंपणाला, बागेत, रस्त्याच्या दुभाजकावर, कुठेही. तिच्या बियांत याच जातीचं विष आहे, साध्या कण्हेरीतही आहे. हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं, माणूस दगावतो. लहान मुलं त्या बिया खेळायला घेतात. कोणी खाल्ली असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग गाठा.

मीठ जास्त खाल्लं तर ॲड्रिनलिन वाढतं का? आई पापड बंद करायला सांगते.

आईचं ऐका, पण कारण हे नाही. मीठ खाल्ल्याने पेशीतला सोडियम १२चा २४ होत नाही. तहान लागते, पाणी पितो, मूत्रपिंड जास्तीचं बाहेर टाकतं, रक्तातली सोडियमची पातळी फारशी हलत नाही. वरचं गणित पंप अडवलेल्या किंवा प्रयोगातल्या पेशीचं आहे.

मीठ, एनसीएक्स आणि रक्तदाब यांचा धागा ब्लॉस्टाइन यांनी १९७७ साली जोडायचा प्रयत्न केला होता, पण तो रक्तवाहिन्यांच्या स्नायूंबद्दल. त्यावर अजून वाद आहेत.

धावत ८.५२ची फास्ट पकडली की नंतर पाच मिनिटं धडधड का राहते? पेशीत कॅल्शियम उरतं म्हणून?

नाही. पेशीतलं कॅल्शियम काही सेकंदांत उतरतं. रक्तात गेलेलं ॲड्रिनलिन अर्धं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून छाती जरा वेळ उडत राहते. शिवाय दादरचा पूल चढून आलात, तो व्यायाम वेगळा. सगळं ॲड्रिनलिनच्या नावावर खपवू नका.

सालीतल्या पेशींचं काय? अल्डोस्टेरॉनलाही कॅल्शियम लागतं ना?

लागतं, पण वेगळ्या कामाला. अल्डोस्टेरॉन स्निग्ध रेणू आहे, पिशवीत साठवता येत नाही; बनलं की पटलातून झिरपून जातं. तिथे कॅल्शियम पिशव्या फोडत नाही, कोलेस्टेरॉलपासून अल्डोस्टेरॉन बनवायचा कारखाना सुरू करतं.

सोडियमने केलेली सगळ्यात मोठी गडबड मात्र याच पेशींत सापडली. काही रुग्णांत अल्डोस्टेरॉन बनवणारी छोटी गाठ होते आणि रक्तदाब चढतो. कॉन यांनी १९५५ साली वर्णन केलेला आजार. २०११ साली कळलं की यातल्या बऱ्याच गाठींत केसीएनजे५ या पोटॅशियमच्या दारात बिघाड असतो. दार पोटॅशियमपुरतं न राहता सोडियमलाही आत सोडतं. सोडियम शिरतो, दाब चढतो, कॅल्शियमची दारं उघडी राहतात, कारखाना रात्रंदिवस चालू. पुढे इतर काही गाठींत खुद्द सोडियम-पोटॅशियम पंपाच्या जनुकात बदल सापडले. ही पहिली वाट झाली, एनसीएक्सची नव्हे.

एनसीएक्स बंद करणारं औषध आहे का?

प्रयोगशाळेत आहेत, उदाहरणार्थ केबी-आर७९४३ आणि एसईए०४००. पहिलं तर इतर दारांनाही धक्के देतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर काढलेला निष्कर्ष मी मान हलवत वाचते. क्रोमॅफिन पेशींची गाठ होऊन ॲड्रिनलिन वाढलं तर उपचार वेगळे: आधी अल्फा ब्लॉकर, मग शस्त्रक्रिया. (अल्फा आणि बीटा हे ॲड्रिनलिनच्या ग्राहकांचे प्रकार, ब्लॉकर त्यांना अडवतात.) अल्फाच्या आधी नुसता बीटा ब्लॉकर देऊ नये, रक्तदाब भडकतो. हे वायवाला नक्की विचारतात.

ही ग्रंथी प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

मिळेल, आणि बघाच. जगभरात या पेशींवरचं काम बहुतेक गाईच्या ग्रंथींवर झालं, कत्तलखान्यातून आणलेल्या. एर्विन नेहर आणि अलँ मार्टी यांनी १९८२ साली एकेक पिशवी पटलाला जुळताना विजेच्या मोजमापाने टिपली, तीही गाईच्या क्रोमॅफिन पेशीत. आपल्याकडे गाय-बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हणून आम्ही बकऱ्यावर भागवतो.

रविवारी मटणवाल्याला सांगा, गुर्दा चरबी न काढता द्या. तो विचित्र नजरेने बघेल, कारण सगळे उलटं सांगतात. घरी त्या पांढऱ्या चरबीत बोटाने चाचपा. गुर्द्याच्या वरच्या टोकाजवळ घेवड्याच्या दाण्यासारखं काहीतरी घट्ट लागेल, चरबीपेक्षा गडद. बऱ्याचदा ते कापताना गुर्द्यापासून सुटून गेलेलं असतं, मग पुढच्या रविवारी. सापडलं तर धारदार पात्याने मधोमध कापा. कडेला गडद साल, आत फिकट गाभा, उघड्या डोळ्यांनी दिसतो.

त्यावर पोटॅशियम डायक्रोमेट टाकून गाभा तपकिरी होतो का बघू? घरी?

अजिबात नाही. ते विषारी आहे आणि कर्करोगकारक आहे. ग्रंथी डब्यात, बर्फात घालून सोमवारी घेऊन या, प्रयोगशाळेतल्या वाफ ओढून घेणाऱ्या हूडखाली मी करून दाखवते. आणि डब्यावर नाव घाला; गेल्या वर्षी एकाचा डबा कँटीनच्या फ्रिजमध्ये गेला होता.